गावात राहून रेकॉर्डिंगसाठी कम्प्युटर घ्यायचा आहे: असेंबल करावा का तयार घ्यावा

भजन मंडळवाले असो, झाडीपट्टीत (पूर्व विदर्भात) गाणारे-वाजवणारे असो का भीमगीते करणारी पोरे असो, आजकाल सगळे एकच विचारून राहिले, की भाऊ रेकॉर्डिंगसाठी कम्प्युटर घ्यायचा आहे, असेंबल करू (सुटे पार्ट घेऊन जोडू) का तयार घेऊ. हातात बहुतेक वेळा पार्टची एक यादी राहते, कोण्यातरी व्हिडिओतून उतरवलेली, आणि ती यादी बनवणारा माणूस एसीच्या खोलीत बसून बोलत असतो, त्याची लाईन जात नाही आणि एखादा पार्ट उडाला तर मुंबईचा पार्टचा बाजार, लॅमिंग्टन रोड, त्याला जवळ पडतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर, रब्बीत पंप सुरू झाले की व्होल्टेज खाली बसते, आणि सर्व्हिस सेंटर म्हणजे नागपूर नाहीतर अमरावती-अकोला, म्हणजे जाण्यायेण्यातच पूर्ण दिवस गेला. म्हणून आपल्या इकडच्या हिशोबाने हे लिहून राहिलो, ज्याने आधी कधी रेकॉर्डिंग केले नाही त्याच्यासाठी, एकेक पायरी धरून.

माझे मत आधीच सांगतो. पहिलाच कम्प्युटर असेल आणि देवळात, मांडवात, दुसऱ्या गावात जाऊन रेकॉर्ड करायचे असेल तर लॅपटॉप घ्या, आणि तो नवाच पाहिजे असे काही नाही. एक खोली पक्की ठरली, तिथली अर्थिंग करून झाली आणि बसून मिक्सिंगचे (वेगवेगळे आवाज जुळवून एक गाणे करायचे) काम येऊ लागले की मग असेंबल करा, आणि तेव्हा मात्र असेंबलच करा. हे काहून म्हणतो ते पुढे येईलच.

पायरी १: काय रेकॉर्ड करणार ते आधी कागदावर लिहा

एकाच वेळी किती माईक लागतील, हा पहिला आकडा लिहा. एकटा गायक आणि हार्मोनियम असेल तर २ माईकमध्ये काम होते. खंजेरी भजन असेल तर गायक, खंजेरी, हार्मोनियम, तबला, टाळ आणि मागे साथ देणारे, म्हणजे ६ ते ८ माईक. झाडीपट्टीच्या नाटकाचे रात्रभराचे रेकॉर्डिंग असेल तर मिक्सरमधून दोन ट्रॅक (वेगवेगळे नोंदलेले आवाज) घेतले तरी पुष्कळ होते, पण ते चार-पाच तास न थांबता चालायला पाहिजे. आणि घरी बसून कीबोर्डवर गाण्याचे म्युझिक बनवायचे असेल, तर माईक एकच पण कम्प्युटरवर लोड सगळ्यात जास्त.

हे लिहिल्यावर एक गोष्ट लक्षात येते जी दुकानदार सांगत नाही. नुसते रेकॉर्ड करणे हे कम्प्युटरसाठी फार हलके काम आहे. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झवर (हे आवाजाच्या बारकाईचे आकडे) एक मोनो, म्हणजे एका माईकचा, ट्रॅक मिनिटाला साधारण ८.६ एमबी जागा घेते. आठ माईक तासभर चालू ठेवले तरी चार जीबीच्या थोडे वर जाते. कोणत्याही साध्या एसएसडीला (फाइल साठवायच्या ड्राइव्हला) हे सहज झेपते, जुन्या प्रोसेसरलाही झेपते. जड जाते ते नंतरचे, म्हणजे प्रत्येक ट्रॅकवर रिव्हर्ब (आवाज घुमवणारे), कॉम्प्रेसर (चढउतार आवरणारे), आवाज साफ करणारे असे प्लगइन, म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये टाकायचे छोटे प्रोग्राम, आणि त्याहून जड म्हणजे कम्प्युटरच्या आतली वाद्ये, जिथे व्हायोलिनचा किंवा सतारीचा एकेक सूर रॅममध्ये (चालू कामाच्या मेमरीत) भरून ठेवावा लागते. म्हणजे तुम्ही खरी वाद्ये वाजवणारे असाल तर लय महागडा प्रोसेसर घ्यायची गरजच नाही, तो पैसा माईकमध्ये टाका, तिथे कानाला फरक कळते.

सॅम्पल रेटचे, म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती नमुने घ्यायचे त्याचे, विचाराल तर ४८ किलोहर्ट्झ ठेवा. सीडी ४४.१ वर असते, पण आता गाणे शेवटी व्हिडिओवरच जाते आणि व्हिडिओचे चलन ४८ चे आहे. ९६ ठेवले तर फाइल दुप्पट होते आणि भजनाच्या रेकॉर्डिंगला त्याचा काही फायदा नाही.

रात्रभराचे काम करणाऱ्यांनी अजून एक ध्यानात ठेवा. साधी वेव्ह फाइल ४ जीबीच्या पुढे जात नाही, आणि ४८/२४ ची स्टिरिओ फाइल चार तासांच्या थोड्या पुढे गेली की ती हद्द गाठते. काही सॉफ्टवेअर आपोआप पुढची फाइल सुरू करतात, काही करत नाहीत, म्हणून अंक संपला की थांबवून नवीन रेकॉर्डिंग सुरू करायची सवय लावा.

आणि मिक्सरचे. मंडळाकडे किंवा साउंड सर्व्हिसवाल्याकडे यूएसबीचा मिक्सर असते आणि लोक समजतात की आठ माईक लावले म्हणजे कम्प्युटरमध्ये आठ ट्रॅक येतील. बहुतेक छोट्या मिक्सरमधून यूएसबीने फक्त दोन ट्रॅकचे मिक्स बाहेर येते, एकदा टाळ जोरात बसले की बसले, मग कमी करता येत नाही. मिक्सरच्या पुस्तिकेत "मल्टिट्रॅक" लिहिले आहे का ते पाहा. नसेल आणि वेगवेगळे ट्रॅक पाहिजे असतील तर ऑडिओ इंटरफेस लागेल, म्हणजे माईकचा आवाज कम्प्युटरला समजेल असा करणारा डबा. फोकसराइट स्कार्लेट टूआयटूमध्ये दोन माईक लागतात, बेहरिंगरच्या यूएमसी ४०४ एचडीमध्ये चार. कंडेन्सर माईक (बारीक आवाजही पकडणारा) वापरणार असाल तर ४८ व्होल्टची फँटम पॉवर (केबलमधून माईकला जाणारी वीज) पाहिजे, ती या दोन्हीत आहे. शुअर एसएम ५८ सारख्या डायनॅमिक माईकला ती लागत नाही, आणि कूलर-पंख्याच्या, टिनाच्या घरात सुरुवात डायनॅमिक माईकनेच केलेली बरी, तो समोरचा आवाज घेते आणि लांबचा ट्रॅक्टर कमी पकडते.

पायरी २: दुकानात जायच्या आधी वीज तपासा

ही पायरी सगळे सोडून देतात आणि माझ्या मते हीच सगळ्यात मोठी आहे.

इलेक्ट्रिशियनला बोलवा आणि ज्या खोलीत बसणार तिथल्या बोर्डमध्ये तिसऱ्या भोकात खरेच अर्थिंग येते का ते मल्टीमीटरने पाहायला सांगा. फेज आणि न्यूट्रलमध्ये जेवढे व्होल्टेज दाखवते जवळपास तेवढेच फेज आणि अर्थमध्ये दाखवायला पाहिजे, आणि न्यूट्रल-अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टच्या आत. पुष्कळ घरात बोर्ड थ्री पिनचा आहे पण तिसरी तार कुठेच गेलेली नाही. असे असले की लॅपटॉपच्या धातूच्या बॉडीवर हात फिरवला तर बोटांना झिणझिण्या येतात, माईकच्या जाळीला ओठ लागला की हलका झटका बसते, आणि हेडफोनमध्ये ५० हर्ट्झची आणि त्याच्या पटीतली घरघर चालूच राहते. ती घरघर हार्मोनियमच्या खालच्या सुरांत जाऊन बसते, नंतर काढायला गेले की हार्मोनियमही पातळ होते.

अर्थिंग करणे फार खर्चाचे काम नाही. खड्डा, कोळसा, मीठ, जीआय पाईप किंवा तांब्याची प्लेट, आणि तिथून बोर्डापर्यंत चांगली तार. आपल्याकडची काळी माती उन्हाळ्यात वाळून भेगा पडते, तेव्हा पाईपचा आणि मातीचा संपर्क कमी होते आणि अर्थिंग कमजोर पडते, म्हणून मार्च ते जून त्या खड्ड्यात पाणी टाकत राहा. पावसाळ्यात तपासून ठीक निघाली म्हणजे एप्रिलमध्येही ठीक असेल असे नाही.

मग व्होल्टेज. लॅपटॉपच्या चार्जरवर बारीक अक्षरात १००-२४० व्होल्ट लिहिलेले राहते, म्हणजे संध्याकाळी व्होल्टेज १६०-१७० वर आले तरी तो चालते, आणि लाईनच गेली तर बॅटरी आहेच. असेंबल कम्प्युटरमध्ये स्वस्तातला एसएमपीएस (आतला वीजपुरवठ्याचा डबा) टाकला असेल तर त्याच्यावर २००-२४० लिहिलेले राहते, तो अशा वेळी रिस्टार्ट मारते आणि चालू रेकॉर्डिंग जाते. लॅपटॉपच्या बाजूने माझे मत झुकते ते यामुळे. शिवाय बॅटरीवर चालवला की चार्जरमधून येणारी घरघर बंद, देवळातल्या बोर्डची अर्थिंग कशीही असो.

घरी इन्व्हर्टर असेल तर तो प्युअर साइन वेव्हचा आहे का स्क्वेअर वेव्हचा ते पाहा. स्क्वेअर वेव्हवर ऑडिओमध्ये चरचर येते, त्यावर मिक्सिंग एकवेळ होईल पण माईक लावून रेकॉर्डिंग करू नका. इन्व्हर्टरवर यूपीएस मोडचे बटन असते, ते चालू नसेल तर लाईन गेल्यावर इन्व्हर्टर सुरू होईपर्यंतच्या तेवढ्या क्षणात डेस्कटॉप बंद पडते.

पायरी ३: लेटन्सी समजून घ्या, तेवढेच समजले तरी निम्मे काम झाले

गायक हेडफोन लावून गाते तेव्हा त्याचा आवाज माईकमधून इंटरफेसमध्ये, तिथून कम्प्युटरमध्ये आणि परत त्याच्या कानात येते. या फेरीला जो वेळ लागते ती लेटन्सी. कम्प्युटर आवाज एकेक सॅम्पल घेत नाही, गठ्ठ्याने घेते, त्या गठ्ठ्याला बफर म्हणतात. ४८ किलोहर्ट्झवर १२८ चा बफर म्हणजे २.७ मिलिसेकंद, २५६ म्हणजे ५.३, १०२४ म्हणजे २१. हे एका बाजूचे झाले, येणे-जाणे आणि ड्रायव्हर (इंटरफेसची कम्प्युटरशी ओळख करून देणारे सॉफ्टवेअर) मिळून दुपटीच्याही वर जाते. आवाज हवेतून तीन मीटर जायला साधारण ९ मिलिसेकंद घेते, म्हणजे मांडवात तीन मीटर लांब बसलेल्या तबल्यासोबत आपण एवढ्या उशिराने रोज गातोच, तेवढे चालून जाते. पण २५-३० च्या वर गेले की खंजेरीवाल्याचा हात अडखळते, कारण थाप पडल्याबरोबर कानात यायला पाहिजे ती मागून येते.

बफर लहान केला की लेटन्सी कमी होते पण कम्प्युटरला वेळेत काम संपवावे लागते, नाही जमले की टिक-टिक, चरचर, मध्येच आवाज तुटणे. महागड्या प्रोसेसरचा खरा उपयोग इथे आहे. आणि यातून सुटायचा स्वस्त रस्ताही आहे: इंटरफेसवर डायरेक्ट मॉनिटरचे बटन किंवा नॉब असते, त्याने माईकचा आवाज कम्प्युटरमध्ये न फिरता सरळ कानात येते. ते वापरले तर बफर १०२४ ठेवा, जुन्या लॅपटॉपवरही आरामात रेकॉर्ड होते. फक्त कानात रिव्हर्ब येत नाही, सवय नसलेल्या गायकाला दोन-चार वेळा कोरडे वाटते, मग जमते.

विंडोजवर इंटरफेसच्या कंपनीचा स्वतःचा असिओ (लेटन्सी कमी ठेवणारा) ड्रायव्हर टाका. असिओ फोर ऑल हे काम चालवण्यापुरते आहे, कंपनीचा ड्रायव्हर असेल तर असिओ फोर ऑलच्या मागे लागू नका.

पायरी ४: आता ठरवा

कागद समोर घ्या. बाहेर जावे लागते, किंवा घरची लाईन भरवशाची नाही, किंवा घरात कम्प्युटर उघडून पाहणारे कोणी नाही, यातले एक जरी खरे असेल तर तयार लॅपटॉप. जागा एकच आहे, वीज आणि अर्थिंग नीट करून घेतली, आणि प्लगइन-वाद्यांचे काम जास्त आहे, तर असेंबल. कारण तेवढ्याच पैशात डेस्कटॉप जास्त ताकदीचा येते, गरम कमी होते, रॅम-एसएसडी नंतर वाढवता येते, आणि मुख्य म्हणजे एक पार्ट उडाला तर तेवढाच बदलायचा. एसएमपीएस तालुक्याच्या गावातही भेटते. लॅपटॉपचा बोर्ड गेला तर पूर्ण मशीन शहरात पाठवा आणि वाट पाहत बसा, आणि ते नेमके दिवाळीनंतर नाटकाचा हंगाम सुरू झाला की झाले तर हंगामच हातचा गेला.

तिसरा रस्ता आहे तो लोक विसरतात: कंपन्यांच्या ऑफिसातून निघालेले रिफर्बिश्ड मशीन. डेलचे ऑप्टिप्लेक्स, एचपीचे एलिटडेस्क, लेनोवोचे थिंकसेंटर हे डेस्कटॉप, आणि लॅटिट्यूड, एलिटबुक, थिंकपॅड हे लॅपटॉप. मजबूत राहतात आणि नवीनच्या मानाने लय स्वस्त. २०२५ च्या शेवटाकडे रॅमचे भाव एकदम चढले, एआयच्या डेटा सेंटरकडे माल वळल्यामुळे, तेव्हापासून नवीन असेंबलचा हिशोब बिघडला आहे आणि आत १६ जीबी रॅम असलेले जुने मशीन अजूनच परवडणारे झाले. दुकानात जाल त्या दिवशी दोन्हीचे भाव विचारा, महिन्यापूर्वीच्या कोटेशनवर जाऊ नका.

पण एक अट पक्की धरा. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ ला इंटेलचा ८ व्या जनरेशनचा किंवा त्याच्या पुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० (मशीनमधली सुरक्षेची सोय) लागते. त्यामुळे ६ व्या-७ व्या जनरेशनची मशीन बाजारात ढिगाने स्वस्त आली आहेत. नका घेऊ. आज चालतील, पण इंटरफेसचे नवीन ड्रायव्हर आणि सॉफ्टवेअर हळूहळू त्यांना सोडून देतील. लिनक्सची (विंडोजच्या जागी चालणारी फुकट सिस्टम) माहिती असेल, त्यातले उबुंटू स्टुडिओ आणि आर्डोर हे रेकॉर्डिंगचे सॉफ्टवेअर चालवता येत असेल, तर गोष्ट वेगळी, त्यांनी बिनधास्त घ्यावे.

ॲपलच्या मॅकबद्दल थोडे. एम ४ चिपचा मॅक मिनी २०२४ मध्ये ५९,९०० रुपयांपासून आला, त्यात १६ जीबी रॅम, वीज अगदी कमी खाते, आवाज जवळपास नाही, रेकॉर्डिंगचे सॉफ्टवेअर गॅरेजबँड फुकट. रेकॉर्डिंगसाठी फार सुंदर मशीन आहे. पण रॅम नंतर वाढत नाही, मूळ मॉडेलमध्ये जागा २५६ जीबीच, मॉनिटर-कीबोर्ड-यूपीएस वेगळे, आणि बिघडला तर गावाजवळ कोणी हात लावणार नाही. पैसे असतील आणि शहरात जाणे-येणे असेल तर घ्या.

पैशाची वाटणी अशी करा की एकूण बजेटच्या अर्ध्याच्या वर कम्प्युटरवर जाऊ नये. बाकी अर्ध्यात इंटरफेस, माईक, बंद कपाचा हेडफोन, स्टँड, केबल आणि अर्थिंग. कापूस-सोयाबीन विकून एकदाच पैसा हातात येते आणि तो पूर्ण कम्प्युटरमध्ये जाते, मग वर्षभर मोबाईलच्या हेडफोनच्या माईकवर रेकॉर्डिंग चालते, असे झालेले मी पुष्कळ पोरांचे पाहिले आणि वाईट वाटते, कारण त्यांचे गळे चांगले आहेत.

पायरी ५: लॅपटॉप घेत असाल तर

१६ जीबी रॅम. आठची असेल तर मोकळा स्लॉट आहे का ते पाहा, काही पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डवरच चिकटवलेली राहते, तो घेऊ नका. एसएसडी ५१२ जीबी. यूएसबीचे निदान दोन-तीन पोर्ट, कारण इंटरफेस, माऊस, बाहेरची ड्राइव्ह. गेमिंगचा लॅपटॉप ताकदीचा असते पण त्याचा पंखा माईकमध्ये ऐकू येते आणि वेगळ्या ग्राफिक कार्डचा ड्रायव्हर कधी कधी ऑडिओ मध्येच अडवते, म्हणून त्यापेक्षा ऑफिसचा लॅपटॉप बरा.

रिफर्बिश्ड असेल तर बॅटरी रिपोर्ट काढायला लावा, विंडोजमध्येच ती सोय आहे, मूळ क्षमता आणि आता भरते ती क्षमता दोन्ही आकडे दाखवते. निम्म्याच्या खाली गेली असेल तर नवीन बॅटरीचे पैसे भावातून कमी करून घ्या. बायोसला (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मशीनच्या सेटिंगला) जुन्या कंपनीचा पासवर्ड राहिला आहे का ते चालू करून पाहा, तो राहिला तर नंतर तुमचे हाल होतात.

नवीन घेताना ऑनसाइट वॉरंटी म्हणतात ती तुमच्या पिनकोडवर मिळते का हे विचारा आणि लिहून घ्या. जाहिरातीत सगळ्या भारतात असते, पण तुमच्या गावापर्यंत माणूस येते का ते पिनकोड टाकल्यावरच कळते.

पायरी ६: असेंबल करत असाल तर

प्रोसेसर असा घ्या ज्याच्या आतच ग्राफिक आहे, म्हणजे वेगळे कार्ड नको, त्याचा पंखा नको आणि उष्णता नको. रायझन ५ ५६००जी किंवा इंटेलचा आय५ १२४००, दोन्ही ६ कोर १२ थ्रेडचे, भजन सोडा, मोठ्या गाण्याच्या मिक्सिंगलाही पुरून उरतात. इंटेलच्या नावापुढे एफ असेल, म्हणजे १२४००एफ, तर त्यात ग्राफिक नाही. दुकानदार थोडा स्वस्त म्हणून तो दाखवतील आणि मग कार्ड विकतील, तिथे नाही म्हणा. रॅम ८ च्या दोन काड्या, एकच १६ ची नको, दोन असल्या की वेग जास्त भेटते. एनव्हीएमई (वेगवान जातीच्या) एसएसडीवर विंडोज आणि सॉफ्टवेअर, प्रोजेक्टसाठी दुसरी एसएसडी असली तर उत्तम, नसली तर नंतर टाका.

एसएमपीएसमध्ये कंजूषी करू नका. कॅबिनेटसोबत फुकट येते तो काढून ठेवा आणि नावाजलेल्या कंपनीचा, ८० प्लस ब्रॉन्झ (वीज कमी वाया घालवण्याचा शिक्का) लिहिलेला, ४५० ते ५५० वॉटचा घ्या, आणि त्याच्यावर १००-२४० व्होल्ट लिहिले आहे का ते डब्यावर वाचूनच पैसे द्या. सोबत यूपीएस, लाईन गेल्यावर फाइल सेव्ह करून बंद करायला १०-१५ मिनिटे मिळाली की झाले.

कॅबिनेट समोरून जाळीचे आणि धुळीची चाळणी निघून धुता येईल असे पाहा. आपल्या घरात कापूस भरून ठेवलेला असते, त्याचे तंतू पंख्यात आणि हीटसिंकमध्ये जाऊन थर बसते, मग उन्हाळ्यात प्रोसेसर तापून स्वतःच वेग कमी करते आणि लोक म्हणतात कम्प्युटर जुना झाला. हंगाम संपला की एकदा उघडून ब्लोअरने साफ करा, पंख्याची पाती बोटाने धरून, नाहीतर जोरात फिरून खराब होतात. प्रोसेसरसोबत येणारा पंखा गरमीत ओरडते, म्हणून १२० मिलिमीटरचा मोठा, हळू फिरणारा कूलर लावा. शक्य असेल तर कॅबिनेट भिंतीपलीकडच्या खोलीत ठेवा आणि तारा भोकातून घ्या, यूएसबी २ ची साधी केबल ५ मीटरपर्यंत चालते.

पंख्याचा विषय निघाला तर घरातल्या कूलरचेही सांगतो. मिक्सिंग करताना चालवा, पण त्याची ओली हवा मशीनवर आणि माईकवर येऊ देऊ नका. रेकॉर्डिंगच्या वेळी बंदच पाहिजे, म्हणून उन्हाळ्यात पहाटे रेकॉर्ड करा, तेव्हा गळाही मोकळा राहते, पंपही बहुतेक बंद राहतात आणि मशीनही थंड.

बिलावर प्रत्येक पार्टचा सिरियल नंबर आणि जीएसटी पाहिजे. असेंबलमध्ये वॉरंटी पूर्ण मशीनची नसते, प्रत्येक पार्टची वेगळी आणि वेगवेगळ्या मुदतीची असते, बिल नसेल तर काहीच नसते. डबे माळ्यावर ठेवा. विंडोज ओरिजिनल घ्या, दुकानातून फुकट टाकून देतात त्याचे अपडेट बंद केलेले राहतात आणि सोबत काय काय आले ते कळत नाही.

पायरी ७: पैसे देण्याआधी दुकानातच टेस्ट

लॅपटॉप असो का असेंबल, इंटरफेस सोबत घेऊन जा, नसेल तर मित्राचा मागून न्या. लेटन्सीमॉन नावाचे फुकट सॉफ्टवेअर टाका आणि दहा-पंधरा मिनिटे चालू ठेवा. मशीन ऑडिओसाठी योग्य आहे का नाही हे ते सरळ सांगते, आणि लाल झाले तर कोणता ड्रायव्हर अडवून राहिला तेही दाखवते. पुष्कळदा वायफायचा निघते, वायफाय बंद करून परत चालवा. तरीही लाल असेल तर ते मशीन सोडा, प्रोसेसर कितीही भारी असो. मग रीपर (रेकॉर्डिंगचे सॉफ्टवेअर) टाकून १२८ च्या बफरवर पाच मिनिटे स्वतःचा आवाज रेकॉर्ड करा आणि हेडफोन लावून ऐका. दुकानदार घाई करेल, करू द्या.

रीपर काहून, तर ते हलके आहे, ६० दिवस पूर्ण चालवून पाहता येते आणि छोट्या कामासाठी लायसन्स ६० डॉलरचे. नुसते एक-दोन ट्रॅक आणि कापाकापी असेल तर ऑडॅसिटी फुकट आहे. चोरीचे सॉफ्टवेअर टाकू नका, ते मध्येच बंद पडते तेव्हा समोर मंडळ बसलेले राहते.

पायरी ८: घरी आणल्यावर

विंडोजचा पॉवर प्लॅन हाय परफॉर्मन्सवर ठेवा, यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड (पोर्ट आपोआप झोपवणारी सेटिंग) बंद करा, रेकॉर्डिंगच्या वेळी वायफाय आणि ब्लूटूथ बंद. इंटरफेस सरळ मशीनच्या पोर्टला लावा, स्वस्त हबमधून नको. मग चार्जर लावून एक मिनिट आणि काढून एक मिनिट शांत खोली रेकॉर्ड करा, कोणी न बोलता, आणि दोन्ही आवाज मोठे करून ऐका. चार्जर काढल्यावर घरघर गेली तर दोष विजेचा आहे, माईक बदलून काही होणार नाही, पायरी २ वर जा. दोन्हीत सारखीच असेल तर केबल आणि माईक तपासा.

रेकॉर्डिंगची लेव्हल सॉफ्टवेअरच्या मीटरवर उणे १८ ते उणे १२ डीबीच्या आसपास ठेवा (शून्याच्या वर आवाज फाटते), २४ बिटमध्ये तेवढी जागा सोडली तरी काही नुकसान होत नाही, आणि शेवटच्या अभंगात सगळ्यांचा जोश चढते तेव्हा आवाज फाटत नाही. खंजेरी आणि टाळाला अजून कमी.

मृगाच्या आधी विजा कडाडायला लागल्या की मशीन, इंटरफेस, सगळ्यांचे प्लग बोर्डातून काढून ठेवा, स्विच बंद करून भागत नाही. इंटरनेटची तार असेल तर तीही काढा, राउटरमधून येऊनही बोर्ड जळतात. कंडेन्सर माईक असेल तर पावसाळाभर सिलिका जेलच्या पुड्या टाकून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा.

आणि प्रत्येक रेकॉर्डिंग त्याच दिवशी बाहेरच्या ड्राइव्हवर कॉपी करा, ती ड्राइव्ह मशीनजवळ न ठेवता दुसऱ्या घरी ठेवा, भावाकडे नाहीतर मंडळाच्या अध्यक्षाकडे. म्हातारे गायक, दंडारीतली जुनी गाणी, भुलाबाईची आजीच्या तोंडची गाणी रेकॉर्ड करत असाल तर दोन ड्राइव्ह, आणि फाइलच्या नावात गाव, तारीख, गाणाऱ्याचे नाव आणि पट्टी लगेच टाका.